फोबियाला 'भयगंड' म्हणावे का?

'फोबियासाठी भयगंड हा शब्द सर्रास वापरला जातो. तो अचूक आहे का, आणि साध्या भीतीहून त्याचा अर्थ वेगळा कसा?' असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. शब्द रूढ झालेला आहे आणि तो चूक ठरवून हद्दपार करावा असे मी म्हणणार नाही; मात्र त्यातल्या 'गंड' या उत्तरपदाविषयी माझी तक्रार जुनी आहे.

गंड म्हणजे गाल, तसेच फुगवटा किंवा गाठ. गलगंड, गंडमाळ या शब्दांत हा दुसरा अर्थ आजही जिवंत आहे. मानसशास्त्रातल्या 'कॉम्प्लेक्स'साठी मराठीने तोच शब्द घेतला आणि न्यूनगंड, अहंगंड हे शब्द घडले. न्यूनगंड माणसाच्या स्वतःविषयीच्या समजुतीत मुरलेला असतो. फोबियाचे तसे नाही. तो एका ठरावीक वस्तूशी, प्राण्याशी किंवा प्रसंगाशी बांधलेला असतो, आणि लिफ्टमध्ये पाऊल टाकू न शकणारी व्यक्ती एरवी कमालीची धीट असू शकते. म्हणूनच तिला 'भित्रा' हे स्वभावदर्शक विशेषण लावणेही अन्यायाचे आहे.

भीती आणि फोबिया यांतली सीमारेषा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत स्पष्ट केलेली आहे: प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने भीती फार मोठी असते, ती जवळजवळ दर वेळी आणि तत्काळ उसळते, माणूस त्या गोष्टीला टाळत राहतो किंवा ती जीव मुठीत धरून सोसतो, आणि हे साधारणपणे सहा महिने वा अधिक काळ चालून त्याला तीव्र यातना होतात किंवा त्याच्या जगण्यात अडथळा येतो. मला यातले 'टाळणे' सर्वांत महत्त्वाचे वाटते. टाळल्याने तात्पुरता सुटकारा मिळतो, आणि त्या सुटकेच्या गोडीमुळेच भीती टिकून राहते.

मराठीत याच्या छटा सांगणारे शब्द आधीपासून आहेत. कुत्रा चावल्यावर बसतो तो धसका. उद्या कुत्रा भेटेल या विचाराने वाटते ती धास्ती. तो समोर आल्यावर भरते ती धडकी. फोबियात हे तिन्ही असू शकतात, तरी धसक्याचे कारण दर वेळी सापडतेच असे नाही. रक्त पाहून येणाऱ्या भीतीत तर धडकी अपुरी पडते: आधी नाडी वाढते, मग ती मंदावून रक्तदाब खाली येतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून तिथे अंग सैल सोडण्याऐवजी हातापायांचे मोठे स्नायू आवळून धरायला शिकवतात.

'जलसंत्रास' (हायड्रोफोबिया) हा शब्द मात्र इथे आणू नये; ते रेबीजचे लक्षण आहे आणि पाणी गिळताना घशाचे स्नायू आकसण्याशी त्याचा संबंध आहे.

उपचारांविषयी लिहिताना 'भयगंडावर मात' अशी शब्दयोजना केली जाते, तीही मला पटत नाही, कारण तिच्यात मनोबल कमी पडल्याचा ठपका दडलेला आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मूल आवडीचे खात असताना ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, अशी ती रीत होती. शेवटी ते मूल सशाशी खेळू लागले. पुढे मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी शरीर शिथिल करून पायरीपायरीने भीतीला सामोरे जाण्याची पद्धत १९५८ साली मांडली. आजही प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने, रुग्णाच्या संमतीने केलेला असा सामना हाच विशिष्ट फोबियावरचा मुख्य उपचार आहे. या प्रक्रियेसाठी आपल्याकडे एक नेमके क्रियापद आहे, ते म्हणजे 'चेपणे'. भीड चेपते ती एका फटक्यात नव्हे, पुनःपुन्हा भेटल्याने. भीतीही तशीच चेपते.

तेव्हा माझी सूचना अशी: वैद्यकीय लेखनात सरळ 'फोबिया' लिहावे, आणि 'भयगंड' लिहायचाच असेल तर त्याच्यासोबत 'बाळगणे' हे क्रियापद टाळावे. 'त्याने उंचीचा भयगंड बाळगला' या वाक्यात दोष माणसाच्या माथी येतो. 'त्याला उंचीचा फोबिया आहे' ही रचना 'त्याला ताप आहे' यासारखी असून वस्तुस्थितीला धरून आहे.