माझ्या लोकेशनच्या नोंदींवर माझा कॉपीराइट असतो का?

नाही. तुम्ही अमुक वेळी अमुक जागी होतात ही वस्तुस्थिती झाली, आणि तिच्यावर कॉपीराइट मिळत नाही. १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी.

भांडायचंच तर खासगीपणाच्या हक्कावरून भांडा. अमेरिकेच्या त्याच न्यायालयातल्या २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी वॉरंटशिवाय एका माणसाच्या हालचालींच्या १२,८९८ नोंदी मोबाइल कंपन्यांकडून मिळवल्या होत्या. दिवसाला सरासरी १०१! कुठे झोपला, कुठे प्रार्थनेला गेला, सगळं त्यातून कळतं. न्यायालयाने वॉरंट आवश्यक ठरवलं, आणि ते योग्यच होतं.

फोटोचं मात्र वेगळं. फोटो तुमचा, पण त्यात दडलेले अक्षांश-रेखांश कुणीही वाचू शकतं. पाठवण्याआधी ते काढून टाका.