बोल्ट आवळू नका, वायसर बदला

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात ऑइल बदललं, तेव्हापासून रोज सकाळी अंगणातल्या चिऱ्यांवर तेलाचा डाग दिसतो. मेस्त्रींनी चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट दोनदा आवळून दिला, तरी थेंब येतोच. आता ते म्हणतात, वरून एम-सील लावू. लावावं का? पुढच्या आठवड्यात करूळ घाटातून कोल्हापूरला जायचं आहे.
– एक वाचक, देवगड

उत्तर : एम-सील नको. आणि कृपा करून तो बोल्ट आता कुणालाही आवळू देऊ नका.

तेल अडवतो तो बोल्टच्या डोक्याखालचा वायसर. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हा वायसर आवळताना जरासा चेपतो आणि चेंबरच्या तोंडाशी घट्ट बसतो. एकदा चेपलेला परत लावला की झिरपायला लागतं. तुमची गळती ऑइल बदलल्यापासूनची आहे, म्हणजे बहुतेक जुनाच वायसर पुन्हा चढवलाय, नाहीतर जुना चेंबरला चिकटून राहिला आणि नवा त्याच्यावर बसलाय. वायसर काढून नखाने चाचपा, कड उमटलेली लगेच लागेल. तांब्याचा असेल आणि नवा मिळत नसेल, तर चिमट्यात धरून गॅसवर लाल करा आणि पाण्यात बुडवा, तो पुन्हा मऊ होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका.

पण त्याआधी तेल खरंच तिथूनच येतंय का, ते बघा. हा बोल्ट इंजिनच्या तळाशी असतो, त्यामुळे वरून कुठूनही ओघळलेलं तेल शेवटी तिथेच लोंबतं. ऑइल बदलताना फिल्टरही बदलला असेल, तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली असू शकते. सगळा भाग रॉकेलने पुसा, कोरडा करा, वर टाल्कम पावडर मारा आणि जामसंड्याला एक फेरी मारून या. पावडर कुठे भिजली ते टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसेल.

गाडीखाली शिरताना जॅकखाली जाड फळी आणि गाडीला स्टँड हवाच. आपल्याकडे चिरे रचून त्यावर गाडी टेकवतात, ते बघून माझ्या अंगावर काटा येतो. जांभा भाराखाली कधीही फुटतो. इंजिन कोमट असताना ऑइल स्वच्छ भांड्यात काढा. महिन्याभराचंच आहे, झाकून ठेवलंत तर तेच परत भरता येईल.

बोल्ट आधी हातानेच फिरवत न्या, पाना शेवटी. बहुतेक छोट्या गाड्यांना 30 ते 40 न्यूटन-मीटर एवढा आवळायचा जोर पुरतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, वापरा. पान्याला पाइप लावून जोर काढला की पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे ओरबाडतो. बोल्टच्या आट्यांत चकचकीत कीस अडकलेला दिसला किंवा बोल्ट नुसताच फिरत राहिला, तर समजा आटे गेले. मग चांगल्या लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या. मोठ्या मापाचा बोल्ट ठोकून बसवतात, तो तात्पुरता ठीक. टेफ्लॉन टेप मात्र नको, तिचे तुकडे आत जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. एम-सील तेलकट जागेवर धरत नाही, आणि धरलंच तर पुढच्या वेळी छिन्नीने फोडावं लागतं.

चेंबर पत्र्याचं असेल तर बोल्टभोवतीची जागा नीट बघा. खारं वारं आणि पावसाळा खाऊन तिथे गंजाचे खड्डे पडतात, अशा जागेवर कुठलाच वायसर बसत नाही. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने जातो. खोल असेल तर चेंबरच बदला, तिथे पैसे वाचवू नका.

घाट चढण्याआधी सपाट जागेवर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बघा, तेल वरच्या खुणेजवळ हवं. कमी असलं की चढावरच्या वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा, पुढच्या गावापर्यंतही नेऊ नका.