तंगूस आता जुना झाला का?

प्रश्न: नमस्कार. मी मूळचा चिपळूणचा, लहानपणी वाशिष्ठी नदीवर तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) आणि गरी घेऊन तासन्‌तास बसायचो. आता एडिसन, न्यू जर्सीला असतो आणि दोन वर्षांपासून बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या फिशिंगचं वेड लागलंय. दुकानात सांगितलं की मोनोफिलामेंट, म्हणजे साधी नायलॉनची दोरी, आता कोणी वापरत नाही, ब्रेड (बारीक धागे विणून केलेली दोरी) घ्या नाहीतर फ्लोरोकार्बन (दुसऱ्या प्लास्टिकची जड दोरी). म्हणून 30 पाउंडचा ओढा पेलणारी ब्रेड रीलवर भरली. पण जूनमध्ये पॉपरवर (पाण्यावर तरंगत आवाज करणारं खोटं आमिष) चार बास आले आणि चारही अर्ध्या वाटेत सुटले, दोरी एकदाही तुटली नाही. माझं काय चुकतंय? खरंच मोनो एवढी टाकाऊ आहे का?

उत्तर: दोरी तुटली नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. दोरी शाबूत, मासा गेला, म्हणजे हुक निसटला. पॉपरला ट्रेबल हुक असतात, तीन टोकांचे, बारीक तारेचे, ते माशाच्या ओठाच्या कडेला वरवर लागतात. बास पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो तेव्हा ब्रेड तसूभरही ताणत नाही, सगळा झटका थेट त्या छोट्याशा भोकावर जातो, भोक मोठं होतं आणि हुक गळून पडतो.

तुमचा लहानपणीचा तंगूस म्हणजेच मोनोफिलामेंट, नायलॉनचा एकच अखंड धागा. तो ताणतो, तुटायच्या आधी बरेचदा 20 टक्क्यांच्या पुढे ताणतो, आणि लोक याच गोष्टीला नावं ठेवतात. पण ट्रेबल हुकवाल्या लूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, हाच ताण हवा असतो, झटका दोरी पिते आणि हुक जागेवर राहतो.

दुसरं म्हणजे आपला हात. पाणी फुटल्याचा आवाज आला की छातीत धस्स होतं आणि आपण रॉड खेचतो, माशाने लूर नीट तोंडात घेतलेलीही नसते. मी हे न्यू जर्सीतल्या लेक होपॅटकाँगवर इतक्या वेळा केलंय. पहाटे साडेपाचला एका डॉकच्या सावलीत पॉपर टाकला, दोनदा टुबुक केला, थांबलो, पाण्यावरची वर्तुळं विरली आणि मग एकदम खड्डा पडल्यासारखं पाणी आत गेलं. त्या दिवशी रीलवर ब्रेड होती, मी खेचलं आणि पॉपर माझ्या खांद्यावरून मागे गेला. मोनो असती तर ताणात अर्धा सेकंद गेला असता, तेवढ्यात माशाने तोंड मिटलं असतं. आता माझा नियम एकच, आवाजावर खेचायचं नाही, रॉडच्या टोकाला वजन जाणवलं की मगच.

तिसरं कारण वजनाचं. नायलॉन पाण्यापेक्षा किंचितच जड, घनता 1.14 च्या आसपास, त्यामुळे दोरी पृष्ठभागावर बराच वेळ टिकते. फ्लोरोकार्बन 1.78, ती बुडते आणि पॉपरचं नाक खाली ओढते, मग तो टुबुक करायच्या ऐवजी डुबकी मारतो. म्हणून पाण्यावरच्या लूरला फ्लोरो नकोच. ब्रेड तरंगते हे खरं, पण ती इतकी मऊ की थांबल्यावर ढिली पडून पुढच्या हुकमध्ये गुंतते. ब्रेड काढायची नसेल तर पुढे दीड-दोन फूट मोनोचा लीडर (लूरच्या आधीचा जोडतुकडा) बांधा, निदान गुंता तरी थांबेल.

तर बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारी, आडव्या फिरत्या स्पूलची रील) असेल तर 12 ते 17 पाउंड मोनो भरा, पॉपर छोटा असेल तर 12, मोठा स्पूक किंवा बझबेट (ही पाण्यावरच चालणारी मोठी लूर) असेल तर 15-17. स्पिनिंग रीलवर (रॉडच्या खाली लटकणारी, न फिरणाऱ्या स्पूलची) मात्र 6-8 च्या वर जाऊ नका, जाड मोनो छोट्या स्पूलवरून स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. उथळ पाण्यात लाकडांवर आपटत चालवायचे स्क्वेअरबिल क्रँकबेटसुद्धा (ओढलं की पाण्याखाली डुलत जाणारी, चौकोनी ओठाची लूर) मी मोनोवरच चालवतो, त्यालाही ट्रेबल हुकच असतात. आणि रॉड फार कडक असेल तर मोनोचा निम्मा फायदा जातो हे लक्षात ठेवा.

एक अपवाद, पोकळ रबरी बेडकाची लूर. तो गवताच्या गादीवरून ओढायचा असतो, हुक जाड असतात आणि बास गवतात घुसतो, तिथे 50-65 पाउंडची ब्रेडच पाहिजे, मोनोने मासा गवतातून निघत नाही.

प्रश्न: माझी मोनो रीलवरून गुंडाळ्या गुंडाळ्या होऊनच येते आणि गाठीपाशी तुटते. दोरी खराब निघाली का? (डॅलस, टेक्सस)

उत्तर: किती दिवसांची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण लक्षणं जुन्या दोरीची वाटतायत. नायलॉनला स्पूलचा आकार लक्षात राहतो आणि उन्हाने ती कमजोर होते, गाडीच्या मागच्या काचेपाशी रील ठेवत असाल तर आजच उचला. मोनो स्वस्त आहे, दर सीझनला बदला, सारखं जात असाल तर दोनदा. पूर्ण स्पूल काढायची गरज नाही, खालची अर्धी दोरी कधी बाहेर येतच नाही, ती ठेवा आणि वर नवी डबल युनी गाठीने जोडा.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने दोरी तापते आणि तिथेच मरते. पालोमार गाठ शिका, सोपी आहे. आणि दर मोठ्या माशानंतर शेवटची तीन-चार फूट दोरी अंगठा आणि बोटामध्ये धरून हळू ओढून बघा, कुठे खरखर लागली की तेवढा तुकडा कापा आणि परत बांधा. तो तुकडा काठावर टाकू नका प्लीज, पक्ष्यांच्या पायात अडकतो. बारीक कापून खिशात घाला, बऱ्याच बोट रॅम्पवर दोरीसाठी पाइपची पेटी लावलेली असते त्यात टाका.

प्रश्न: मग सगळ्या रीलवर मोनोच भरू का?

उत्तर: नको. 20 फूट खोल पाण्यात जिग (शिशाच्या डोक्याचा जड हुक) किंवा रबरी किडा तळावर ओढत असाल तर बास नुसता उचलून थुंकतो, तो टिचकीएवढा ठोका मोनोच्या ताणात विरून जातो, तुम्हाला कळणारच नाही. तिथे फ्लोरो. खोल जाणाऱ्या क्रँकबेटलाही फ्लोरो, ती बुडते म्हणून लूर आणखी खाली जाते. आणि ब्रेड भरणार असाल तर आधी स्पूलवर मोनोचे दहा-पंधरा वेढे द्या, नाहीतर गुळगुळीत धातूवर अख्खी ब्रेड गरागरा फिरत राहते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला.