कण फुगले नसतील, फॉर्म चुकला असेल

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. यंत्रावर तुमच्या कणांचा आकार नुसत्या बफरमध्ये 90 नॅनोमीटर, त्याच कणांत 20 टक्के ग्लिसरॉल घातलं की 150, आणि गाइड म्हणतात कण एकमेकांना चिकटतायत, फॉर्म्युलेशन बदला. थांबा, इतक्यात काही बदलू नका. मी याच खड्ड्यात आठ महिने घालवलेत.

आधीच सांगते, मी फार्मसीची, भौतिकशास्त्राची नाही. कोणी जाणकार असेल तर दुरुस्त करा.

माझे लायपोसोम होते, म्हणजे औषध भरायच्या चरबीच्या सूक्ष्म पिशव्या. गोठवून सुकवायचे म्हणून त्यात 20 टक्के साखर, म्हणजे सुक्रोज घालायचे. साखरेआधी डीएलएसवर (लेझरच्या प्रकाशावरून कणांचा आकार सांगणारं यंत्र) 105 नॅनोमीटर यायचे, साखरेनंतर 188. आमच्याकडे यंत्र नव्हतं, म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून रिक्षाने नमुने एका संस्थेच्या सामायिक उपकरण केंद्रात न्यायचे (नाव घेत नाही, पुण्यातच आहे). दारावर पाटी: दुपारी 1 ते 4 नमुने स्वीकारले जाणार नाहीत. पुण्यात राहून त्याबद्दल काय बोलायचं! पण फॉर्मबद्दल बोलणारच. त्यात 'द्रावक' या रकान्यात तीनच पर्याय होते: पाणी, इथेनॉल, टोल्युइन. मी विचारलं, साखरेचं द्रावण आहे, काय लिहू? "साखरच आहे ना मॅडम, पाणीच लिहा." मी लिहिलं. तिथेच माझे आठ महिने गेले.

कारण यंत्र आकार मोजतच नाही हो. कण द्रावणात थरथरतात, त्यामुळे विखुरलेला लेझरचा प्रकाश लुकलुकतो. ते लुकलुकणं किती झपाट्याने होतंय यावरून यंत्र विसरणाचा गुणांक काढतं, म्हणजे कण किती झपाट्याने पसरतात ते. आकार त्यानंतर, 1905 सालच्या स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्राने, आणि त्या सूत्रात व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रावणाचा घट्टपणा, आपण भरलेली असते. 20 टक्के साखरेचं द्रावण 25 अंशांना पाण्याच्या 1.9 पट घट्ट असतं. कण तेवढाच, फक्त हळू चालतो, आणि यंत्र समजतं कण मोठा झाला. अपवर्तनांकही (द्रावणात प्रकाश किती वाकतो तो आकडा) पाण्याचाच धरला गेल्याने चूक साधारण 5 टक्के उलट दिशेला जाते, म्हणून दिसताना 1.8 पट दिसतो. 188 भागिले 1.81 करून बघा. 104.

हे तेव्हा कळलं असतं तर! मी लिपिड बदललं, कोलेस्टेरॉल वाढवलं, गाळण्याच्या फेऱ्या वाढवल्या. दर वेळी 180-190. मूळ आलेख मागितला, तर "फक्त पीडीएफ मिळतो, डेटा देत नाही." पीडीएफवर एकच आकडा. एका पानावर एका आकड्यासाठी पैसे घेतात आणि शंका विचारली की आवाज चढतो. असो.

सुटका झाली ती 100 नॅनोमीटरच्या पॉलिस्टायरिन मण्यांमुळे. शेजारच्या विभागातल्या एका सरांनी सुचवलं, मणी साखरेच्या पाण्यात टाकून त्याच केंद्रात दे. मी दिले, फॉर्मवर पुन्हा पाणीच लिहून. आकडा आला 181. प्लास्टिकचा मणी काही साखर पिऊन फुगत नाही. त्या दिवशी मी जिन्यातच बसून हसले, मग थोडं रडलेही.

तुमचा हिशेब: 20 टक्के ग्लिसरॉल (वजनाने असेल तर) 25 अंशांना पाण्याच्या सुमारे 1.73 पट घट्ट. अपवर्तनांकाचा परिणाम वजा करून 1.67 धरा. 150 भागिले 1.67 म्हणजे 90. मला तर यात चिकटलेलं काही दिसत नाही. आकारमानाने 20 टक्के घेतलं असेल तर आकडे बदलतील, तेवढं तपासा.

पुस्तकातल्या आकड्यावरही फार विसंबू नका, स्वतः मोजा. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला वापरलेलं ते ऑस्टवाल्डचं काचेचं व्हिस्कोमीटर कपाटात धूळ खात असेल, तेच काढा. 25 अंशांच्या वॉटर बाथमध्ये माझ्या पाण्याला 62 सेकंद लागले, साखरेच्या द्रावणाला 109. या वेळांच्या गुणोत्तराला दोन्हींच्या घनतेच्या गुणोत्तराने गुणायला विसरू नका. मोजायच्या द्रावणात घटक सगळे हवेत, फक्त कण नकोत. तापमानाचं भान ठेवा. दर अंशामागे पाण्याची व्हिस्कॉसिटी सुमारे 2 टक्के बदलते, म्हणून फ्रीजमधून काढलेला नमुना लगेच लावू देऊ नका.

धुळीचं तर विचारूच नका. लहान कणांचा विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या 10 लाख कणांइतका चमकतो. रस्ते कायम खणलेल्या आपल्या शहरात क्युवेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक डबी) उघडी ठेवणं म्हणजे मोजमापाला तिलांजली. बफर आधी गाळून घ्या.

आणि कोणी म्हणेल, पाण्याने पातळ करून मोजा. लायपोसोम असतील तर नको, बाहेरचा ऑस्मोटिक दाब बदलला की ते खरंच आकार बदलतात. आणि ही चूक फक्त डीएलएसचीच नाही: माझी मैत्रीण एनएमआर या दुसऱ्या, चुंबकीय पद्धतीने विसरण मोजायची, तिने जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतो) साध्या पाण्याची व्हिस्कॉसिटी धरली होती. तिथेही 23 टक्के फरक.

तुम्ही केंद्रात जाल तेव्हा सेटिंगच्या पानाचा फोटो मागा, द्रावकाच्या ओळीसकट. नाही म्हणाले तर मण्यांचा प्रयोग करा, मणी महाग असतात पण आठ महिन्यांपेक्षा स्वस्त. गेल्या महिन्यात माझी विद्यार्थिनी तिथून फॉर्म घेऊन आली. रकान्यात अजून तीनच पर्याय आहेत.