ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे

प्रश्न : आमचा टोला (छोटी वस्ती) गडचिरोली जिल्ह्यात, पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या भागात आहे. सामूहिक वनहक्काचा दावा तीन वर्षांपासून उपविभागीय समितीकडे पडून आहे. आता जंगलात लोहखाणीचा प्रस्ताव आलाय. ग्रामपंचायतीने 'हरकत नाही' असा ठराव दिल्याचं कळलं, पण ग्रामसभा झालीच नाही. काही पोरांना मात्र खाणीत काम हवं आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी त्या ठरावाची धास्ती सोडा. वनहक्क कायदा, 2006 नुसार दावे ठरवण्याची सुरुवात ग्रामसभा करते. सरपंच आणि सदस्यांच्या बैठकीला ग्रामसभेची जागा घेता येत नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. ग्रामसभा झालीच नसेल, तर उपस्थितीची वही कोरीच असणार. माहिती अधिकारात ठराव, इतिवृत्त आणि सह्यांची पानं मागवा. बिनसभेच्या ठरावावर ज्यांच्या सह्या निघतील त्यांना उत्तर द्यावंच लागेल.

दावा निकाली निघेपर्यंत कलम 4(5) प्रमाणे कुणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती दाखवण्याची अट सैल केली, आणि हे मला अजूनही चुकीचं वाटतं. तरीही वनहक्कांची पूर्तता केल्याशिवाय राज्याला वनजमीन खाणीसाठी वळती करण्याचा आदेश काढता येत नाही. म्हणून तुमचा पडून असलेला दावा हीच सध्या तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे. समितीला लेखी स्मरणपत्र द्या आणि पोच घ्या. निस्ताराच्या (गावाने जंगलातून लाकूड, चारा घेण्याच्या) नोंदी, जुने नकाशे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब यांतले किमान दोन पुरावे जोडलेत का, ते पाहा.

मग टोल्याची ग्रामसभा घ्या. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली डोंगरावरच्या हक्कांचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबू विकण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातात आला आणि रोजगार जंगलातूनच निघाला.

पोरांना मात्र गप्प बसवू नका. त्यांचं मतही ग्रामसभेचंच मत आहे. खाण झाली तर मोह, तेंदू, पाणी यांचं काय होईल, नोकऱ्या किती आणि किती वर्षांच्या, हे सगळ्यांसमोर विचारून प्रत्येक उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नकार असो वा अटींसह होकार, तो ग्रामसभेत ठरू द्या.

पर्यावरण मंजुरी आधीच निघाली असेल तर घाई करा. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60, त्यापुढे एकही नाही. म्हणून मंजुरीची तारीख उद्याच जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.