चिऱ्याच्या भिंतीवर जड स्पीकर लावताना

म्हापशातलं तुमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं आहे, म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी हे वाचा. दहा किलोचा स्पीकर नुसत्या प्लास्टिकच्या प्लगवर कधीच सोडू नका. वरचं प्लास्टर घट्ट लागतं, पण आत चिरा सच्छिद्र. भोक भुगा होऊन सैल पडतं. माझा एक स्पीकर असाच भर पावसाळ्यात रात्री खाली आला. खाली पाळणा होता, नशिबाने रिकामा. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ‘चालतंय’ ऐकून घेत नाही.

आधी बारीक भोक पाडून भुकटी बघा. सुरुवातीची करडी प्लास्टरची, मग लाल आली की चिरा. तिथे ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून ते नुसतं फिरवा, ब्रशने आणि पंपाने भुगा पूर्ण काढा, जाळीची नळी बसवून केमिकल अँकर (बोल्ट धरून ठेवणारा, घट्ट होणारा चिकट मसाला) भरा आणि बोल्ट लगेच आत बसवा. मग पाकिटावर दिलेला वेळ होईपर्यंत बोल्टला हात नको. चिऱ्यांच्या सांध्यात भोक पाडू नका, स्विचबोर्डच्या सरळ वर-खालीही नको. तिथून वायर गेलेली असते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, आपल्या खाऱ्या हवेत साधे गंजतात. आणि स्पीकरच्या मागून स्टीलची तार काढून ती वेगळ्या अँकरला बांधा.