इंग्लंडमधल्या मोठ्या इस्टेटींचा कारभार नक्की बघायचं कोण?

तुम्ही विचारलंय की, इंग्रजी मालिकांत हवेलीचा मालक शिकार करतो, जेवतो, पत्रं वाचतो. मग हजारो एकरांचा कारभार कोण चालवायचं आणि त्याची कागदपत्रं आज कुठे मिळतात?

कारभार बघायचा तो कारभारी. आपल्याकडे त्याला दिवाणजी म्हटलं असतं. तिकडे आधी स्टुअर्ड म्हणायचे, नंतर लँड एजंट. अठराव्या शतकात पुष्कळदा एखादा गावातला वकीलच आपली वकिली सांभाळून हे काम करायचा. एकोणिसाव्या शतकात तो स्वतंत्र पेशा झाला. आणि मालक म्हणाल तर बऱ्याच घराण्यांत तो पुरता मालकही नसायचा. जमीन फुटू नये म्हणून ती दस्ताने अशी बांधलेली असायची की वारसाने हयातभर उत्पन्न खावं, पण जमीन विकू नये. विकायची मोकळीक १८८२च्या सेटल्ड लँड अ‍ॅक्टने आली.

मी इंग्लंडमध्ये राहते आणि आठवड्यातून एक दिवस एका दप्तरखान्यात अशाच कागदांच्या याद्या करायला जाते. बिनपगारी. हवेलीपेक्षा खंडाची वही जास्त बोलकी असते, हे तिथे कळलं. कुळाचं नाव, शेताचं नाव, मागची थकबाकी, या सहामाहीचा खंड, भरला किती, राहिला किती. एका कुळाची थकबाकी चार पानं फुगत जाते आणि पाचव्या पानावर त्याच शेतापुढे दुसरंच नाव असतं. बाकी कुठे काही लिहिलेलं नाही.

हिशेबाची पद्धतही मजेशीर होती. जेवढं येणं आहे तेवढं सगळं कारभारी आधी स्वतःच्या नावावर चढवायचा, मग खर्च आणि मालकाला दिलेली रक्कम दाखवून त्यातून सुटायचा. उरेल ते त्याच्या अंगावर. त्यामुळे इस्टेट फायद्यात आहे का, हे त्या हिशेबावरून धड कळतच नाही. कारभाऱ्याने पैसे खाल्ले की नाही, एवढं मात्र कळतं! खर्चाची बिलं दोऱ्यात ओवून ठेवायचे. लोहार, काचवाला, गाड्यांची चाकं करणारा सुतार, आणि शेतातले चिचुंदरीसारखे मोल पकडणारा. माझ्या हातात आलेल्या त्याच्या एका बिलावर सहीच्या जागी फुली होती आणि दोऱ्याचं भोक नेमकं रकमेवर पडलेलं.

खंडाचे मुख्य दिवस दोन: २५ मार्च, म्हणजे लेडी डे, आणि २९ सप्टेंबर, म्हणजे मायकलमस. इथे मी आपटले. फेब्रुवारी १७२४ची पावती मी जून १७२४च्या आधी लावली. दिसायला बरोबर! पण १७५१पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे तो फेब्रुवारी त्या जूनच्या आठ महिने नंतरचा. अख्खं पुडकं पुन्हा लावावं लागलं. पुढे १७५२मध्ये पंचांग बदललं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. कुळांना खंड ११ दिवस आधी भरायला लागू नये अशी तरतूद कायद्यातच होती, म्हणून कित्येक ठिकाणी देय तारीख ५ एप्रिलवर गेली. ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, त्याची पाळंमुळं या ११ दिवसांत आहेत.

कागदांनी काय होऊ शकतं, याचं उदाहरण नॉरफोकमधल्या होल्कमचं. थॉमस विल्यम कोकला ही इस्टेट १७७६मध्ये मिळाली. त्याने एकट्याने रेताड माळाचं सोनं केलं, अशी ख्याती शंभर-दीडशे वर्षं चालली. इतिहासकारांनी हिशेब आणि भाडेपट्टे उघडले तेव्हा दिसलं की सलगमाची लागवड, जमिनीत चुनखडीची माती घालणं, बांध घालून शेतं बंदिस्त करणं, हे त्याच्या आधीच सुरू होतं. शिवाय फ्रान्सिस ब्लेकी नावाचा खमका स्कॉटिश एजंट १८१६ ते १८३२ तिथला कारभार बघत होता. कोक चांगला जमीनदार होता यात वाद नाही. श्रेय मात्र जरा जास्तच मिळालं.

आता कागद कुठे मिळतात ते. पुष्कळशी दप्तरं त्या त्या काउंटीच्या सरकारी दप्तरखान्यात जमा आहेत, काही घराण्यांनी अजून घरीच ठेवलीत. गावच्या जहागिरी न्यायसभेच्या नोंदींसाठी मॅनोरिअल डॉक्युमेंट्स रजिस्टर आहे. नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघा. १७३३च्या आधीच्या त्या नोंदी बहुतेक लॅटिनमध्ये असतात, तेव्हा सुरुवात नंतरच्या काळापासून करा. खरेदीखतांचं मात्र वाईट झालं. १९२५च्या कायद्याने मालकी दाखवायला ३० वर्षांचे कागद पुरेसे ठरले आणि जुनी चर्मपत्रं अडगळ झाली. काहींच्या तर दिव्यांच्या शेड झाल्या.

नकाशा हाती लागला तर क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये दिसेल. घाबरू नका. ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एक एकर. आणि ४ पर्च म्हणजे बरोबर आपला १ गुंठा, ३३ फूट बाय ३३ फूट.